जोर न लावता घोडा कसा हाताळायचा

हे लिहितेय ते त्यांच्यासाठी जे शनिवार-रविवार एखाद्या रायडिंग क्लबात जातात किंवा ज्यांच्याकडे स्वतःचा एखादा घोडा आहे, आणि ज्यांना कुठेतरी जाणवतंय की घोडा सांगितलेलं करतो खरा, पण नाइलाज म्हणून करतो. मी पुण्यात शाळेत असताना रायडिंग शिकले. तेव्हा शिकवायची एकच रीत होती, घोडा थांबला की टाच मार, टाचेला नाही हलला तर चाबूक, डोकं वर केलं की लगाम खेच, आणि "त्याला जिंकू देऊ नकोस" हे तर दर क्लासला ऐकायचं. पुढे नोकरी लागल्यावर मी स्वतःची घोडी घेतली, मैना, मारवाडी वळणाची कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तिच्याबरोबर राहता राहता माझी रीत हळूहळू बदलत गेली आणि आता जी रीत आहे ती इथे जमेल तशी सविस्तर सांगते.

सारंगखेडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, दत्तजयंतीला, आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. लांबलांबून लोक येतात. घोडा बघताना उंची बघतात, रंग बघतात, पंचकल्याण (चारही पाय नि तोंड पांढरं) आहे का, मानेवर देवमण (केसांचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, कुठला भोवरा अशुभ तर नाही ना, हे सगळं अगदी बारकाईने बघतात. त्याला आजवर कसं हाताळलंय हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच पाहिजे. मैना आली तेव्हा कुणी तिच्या डोक्याच्या वर हात नेला की मान आभाळाला लावायची आणि कानाला तर बोटही लावू द्यायची नाही. विकणारे म्हणाले तेज घोडी आहे, पण ते तेज नव्हतं, भीती होती.

घोड्याशी हळुवार वागायचं म्हणजे गाजरं द्यायची आणि लाडाने बोलायचं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते करा, छानच आहे. पण खरा हळुवारपणा दोन गोष्टींत असतो. त्याला कुठे दुखत नाहीये याची आपण खात्री करून घेतली का, आणि त्याने थोडंसं जरी ऐकलं तरी आपण हातातला दाब लगेच सोडतो का. बाकी सगळं याच्यानंतर.

आधी दुखणं शोधा

"नाटकं करतोय" हे आपल्याकडे फार पटकन तोंडातून जातं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो, कँटर (हलकी दौड) मागितला की मागचे पाय उडवतो, डावीकडे वळतच नाही, चढायला गेलं की पुढे निघून जातो, या सगळ्यांत मी आता सगळ्यात आधी दुखणंच धरून चालते. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे आपल्याला जेव्हा स्पष्ट दिसतं तोवर ते बरंच वाढलेलं असतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्य सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या २४ लक्षणांची यादी बनवली आहे, कान बराच वेळ मागे पाडून ठेवणं, तोंड उघडत राहणं, शेपूट सारखी झटकणं, डोकं तिरकं धरणं, डोळे ताठ होणं अशी, आणि त्यातली ८ किंवा जास्त एकाच वेळी दिसली तर घोड्याला दुखत असण्याची शक्यता खूप मोठी असते. ही यादी मनात ठेवून आपल्याच रायडिंगचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आवाज बंद करून एकदा बघा, फार डोळे उघडतात.

तोंडापासून सुरुवात करा. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे चावून चावून वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात आणि गाल नि जीभ कापतात. डॉक्टरांकडून वर्षातून एकदा तरी दात तपासून घ्यायचे आणि गरज असेल तर कानशीने घासून घ्यायचे. तोंडात जखम असताना लगामाला विरोध केला तर त्याला हट्टी कसं म्हणणार? काटेरी लगामाबद्दल तर स्पष्टच सांगते, तो वापरूच नका आणि कुणी वापरताना दिसला तर सांगा, १९६५ च्या ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या नियमांत काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला सरळ बंदी आहे. तरी लग्नाच्या वरातीतल्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो.

मग पाठ. खोगीर काढल्यावर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची पेरं टेकवून मध्यम जोराने मानेकडून कमरेकडे हात न्या. कातडी नुसती थरथरली तर काही नाही, पण पाठ खाली दबली, कान मागे गेले, शेपूट हलली तर तिथे थांबा, दुसऱ्या दिवशी परत बघा आणि तेच झालं तर डॉक्टर. खोगिराखालचं घोंगडं काढल्यावर घाम सगळीकडे सारखा आहे का तेही बघा, घामाने भिजलेल्या पाठीवर मधेच कोरडा डाग म्हणजे तिथे खोगीर रुततंय असं बऱ्याचदा निघतं. त्याच जागी काही महिन्यांनी पांढरे केस येतात, आपल्याकडच्या कितीतरी घोड्यांच्या पाठीवर ते दिसतात आणि सगळे ते जन्मखूण असल्यासारखं धरून चालतात.

खुरांसाठी साधारण सहा आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे, नाल असो वा नसो. पावसाळ्यात चिखलात आणि लिदीत उभं राहून खुरांच्या तळव्याचा मधला भाग सडतो, वास येतो, काळं पाणी दिसतं, तेव्हा रोज खूर साफ करून कोरडी जागा देणं हाच मुख्य उपाय. आणि घोडा अचानक "आळशी" झाला असेल, विशेषतः पावसाळा सरताना, तर चाबूक घ्यायच्या आधी ताप बघा आणि रक्त तपासा. डास-माश्यांचे दिवस आहेत, सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग आपल्याकडे आहे, मोठ्या चावऱ्या माश्यांमधून तो पसरतो आणि सुरुवातीला नुसता अधूनमधून ताप, सुस्ती, वजन उतरणं एवढंच दिसतं.

उरलेले तेवीस तास

आपण घोड्यावर असतो एक तास. बाकी वेळ तो कसा जगतो त्यावर त्या एका तासातलं त्याचं वागणं ठरतं, आणि या बाबतीत आपल्याकडच्या तबेल्यांमध्ये बदलण्यासारखं खूप आहे. आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोरांनी, बांधून दिवसभर एका जागी उभा असलेला घोडा संध्याकाळी बाहेर काढला की उधळणारच, त्याच्या अंगात दिवसभराचं साचलेलं असतं. रोज काही वेळ तरी मोकळं सोडा, आणि शक्यतो दुसऱ्या घोड्यासोबत. घोडा कळपातला प्राणी, एकटा ठेवला की सतत पहाऱ्यावर राहतो, झोपसुद्धा नीट घेत नाही.

चाऱ्याचं गणित सोपं आहे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, तो खात असो वा नसो, आणि जठर त्याच्या अंगाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. म्हणजे थोडं थोडं सारखं चरत राहण्यासाठीच ते बनलंय. सकाळ-संध्याकाळ चंदीचं घमेलं आणि मधे सहा-सात तास रिकामं पोट असं ठेवलं की जठरात फोड येतात, आणि तंग आवळताना चावणारे कितीतरी घोडे याच दुखण्याचे असतात. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज गेलीच पाहिजे, म्हणजे मैनासारख्या साडेतीनशे किलोच्या घोडीला सव्वापाच ते सात किलो, आणि ती एकदम न टाकता बारीक जाळीच्या पिशवीत टांगून दिवसभर पुरवायची. हरभरा आणि चंदी कामाच्या मानाने. जो घोडा दिवसातून एक तास हळू चालतो त्याला रेसच्या घोड्याचा खुराक घालून वर "फार गरम डोक्याचा आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

मैनाच्या बाबतीत मोठा फरक कुठल्या ट्रेनिंगने पडला असं विचाराल तर मी हेच सांगेन, शेजारी एक म्हातारी घोडी सोबतीला आली आणि वैरण दिवसभर समोर राहायला लागली. त्यानंतर महिन्याभरातच तिचा कानाला हात न लावू देण्याचा ताठा निम्मा उतरला होता, मी काही न शिकवता.

नुसतं उभं राहणं, आणि खरारा

आता घोड्याजवळ जायचं कसं. समोरून थेट कपाळावर हात नेऊ नका, तिथे त्याला दिसतच नाही. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं पण अगदी कपाळासमोरचा थोडा भाग, नाकाखालचा आणि शेपटीच्या बरोब्बर मागचा भाग आंधळा असतो. खांद्याच्या बाजूने, थोडं तिरकं, आवाज देत जा. हाताची पाठ पुढे करा, त्याला वास घेऊ द्या, त्याने तोंड फिरवलं तर एक पाऊल मागे व्हा. हे मागे होणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्याला तेव्हाच कळतं की आपण नको म्हटलं तर या माणसाला ते कळतं.

मग खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं. आपल्याकडे पागेत खराऱ्याला केवढं महत्त्व होतं, आणि आज क्लबात स्वार येतो तेव्हा घोडा खोगीर चढवून तयारच उभा असतो, म्हणजे ओळख व्हायची पहिली संधीच गेली. खरारा स्वतः करा. मानेचा शेवट आणि पाठीची सुरुवात जिथे होते, आयाळ संपते तो उंचवटा, तिथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की नेमकं तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, दुसरीकडे खाजवून तसं होत नाही. तिथे बोटांनी जरा जोर देऊन खाजवा, पंधरा-वीस सेकंद, मग हात काढून घ्या आणि थांबा. आता बघत राहा. मैनाला हवं असेल तेव्हा आधी तिचा वरचा ओठ लांब होतो, मग तो एका बाजूला वळून हलायला लागतो, डोळा अर्धा मिटतो, आणि मी हात काढला की ती अंगाचा भार माझ्याकडे किंचित टाकते, पुढचा पाय न हलवता, नुसता खांदा. म्हणजे अजून पाहिजे. नको असेल तर मान दुसरीकडे, किंवा नाकपुडीच्या वर बारीक सुरकुती. थोपटण्याचं मात्र घोड्याला काही विशेष वाटत नाही, धपाधप मारतात ते तर नाहीच, शाबासकी द्यायची असेल तर खाजवा.

काही दिवस तरी एवढंच करा. म्होरकी घालून बाहेर न्या, सावलीत उभे राहा, चरू द्या, काहीही मागू नका. घाईच्या माणसांना हे फार जड जातं, पण घोड्याला प्रत्येक वेळी माणूस आला म्हणजे काम आलं एवढंच माहीत असेल तर तो तुम्हाला बघून मागे का फिरतो ते समजायला हवं.

दाब कधी सोडायचा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. बहुतेक घोडे दाबाने शिकतात, दोरीचा, पायाचा, लगामाचा, आणि शिकवतं ते दाब देणं नव्हे, दाब जाणं. ज्या क्षणी दाब गेला त्या क्षणी घोडा जे करत होता ते त्याच्या डोक्यात बरोबर म्हणून बसतं. म्हणजे तुम्ही दोरी ओढताय, घोडा मान वर करून मागे रेटतोय, आणि तुमचा हात दुखला म्हणून तुम्ही सोडलंत, तर तुम्ही मान वर करून रेटायला शिकवलंत. आणि तो एक पाऊल पुढे आला तरी तुम्ही ओढतच राहिलात तर पुढे येऊन काही उपयोग नाही हे शिकवलंत. बिघडलेल्या घोड्यांमधले कितीतरी याच दोन गोष्टींनी बिघडलेले असतात.

करायचं असं. लांब, जाड, सुती दोरी घ्या, हाताला कधीही गुंडाळू नका, घडी करून धरा. घोड्याच्या खांद्याजवळ त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहा. आधी स्वतः श्वास घेऊन चालायच्या तयारीने अंग पुढे करा. नाही निघाला तर दोरीतली ढील काढा, नुसती ताणली जाईल एवढीच, आणि तिथे थांबा, जोर वाढवू नका, झटका देऊ नका. आता त्याच्या छातीकडे आणि पुढच्या पायांकडे बघा. पाऊल उचलायच्या आधी त्याचा भार सरकतो, खांद्याचा स्नायू हलतो, मान एखादं बोटभर खाली येते. तिथेच दोरी सोडा. पाऊल पडेपर्यंत वाट बघू नका. मग काही सेकंद उभे राहा, त्याला ते पचू द्या, जीभ-ओठ चाटेल, जांभई देईल, मान खाली घालेल, आणि मग परत. थोड्याच वेळात असं होतं की तुम्ही श्वास घेता आणि तो निघतो, दोरीपर्यंत वेळच येत नाही.

मागे घेणं तसंच, दोरीवर त्याच्या छातीच्या दिशेने हलका दाब, भार मागे सरकला की सोडा. मागचा भाग बाजूला करणं तसंच, टाच जिथे लागते तिथे दोन बोटं टेकवा, पाय आडवा जायला निघाला की बोटं काढा. पंधरा-वीस मिनिटं पुरे झाली. त्याने एखादी गोष्ट छान केली की तिथेच त्या दिवसाचं बंद करा, "अजून एकदा बघू" चा मोह आवरा.

घोड्याला इतकं बारीक कळतं का असं ज्यांना वाटतं त्यांनी बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट आठवावी. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणित शिक्षकाचा हा घोडा टापा आपटून गणितं सोडवतो म्हणून सगळीकडे गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासून दाखवलं की घोडा गणित करत नव्हता, बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं आणि अंग नकळत किंचित हलायचं आणि तो तेवढ्यावरून थांबायचा. विचारणाऱ्यांना स्वतःला माहीत नव्हतं आपण हलतोय म्हणून. लोक ही गोष्ट फसवणुकीची म्हणून सांगतात, मला मात्र ती वाचून घोड्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. जो प्राणी एवढं वाचतो त्याला लाथ मारून सांगायची गरजच काय?

आमच्या तबेल्यात एक मामा आहेत, साईस म्हणून त्यांची उभी हयात घोड्यांत गेलीये. मी हे सुरू केलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, दोरी ढिली सोडली की जनावर शेफारतं." मी म्हटलं मामा, तुम्ही फक्त तिचा पुढचा पाय बघा आणि भार सरकला की मला "आता" म्हणा. मला जे दिसायला कितीतरी दिवस लागले ते त्यांना पहिल्याच वेळी दिसलं, त्यांचं "आता" माझ्या हाताच्या आधी यायचं. आता ते स्वतः तसंच हाताळतात आणि नवीन पोरांना ओरडून सांगतात, सोड, सोड, गेलं की ते! साईस लोकांना बाजूला ठेवून हे काम होत नाही, घोडा दिवसभर त्यांच्याच हातात असतो, त्यांना आधी मान द्या आणि मग सोबत घ्या.

राउंड पेनमध्ये घोड्याला पळवून पळवून दमवायचं आणि तो वळून आपल्याकडे आला की "नातं जुळलं" म्हणायचं, ही पद्धत व्हिडिओंमुळे आपल्याकडेही आलीये. मी ती करत नाही. ज्या गोल कुंपणातून बाहेर जायला वाटच नाही तिथे तो तुमच्याकडे येतो कारण पळणं त्याहून वाईट झालेलं असतं. तो ओठ चाटतो ते ताण उतरताना कुठलाही घोडा चाटतो, त्याला शरणागती समजू नका.

खाऊबद्दल थोडंसं. गाजर लांब उभं चिरून द्या, गूळ अगदी चिमूटभर. घोडा खिशाशी झोंबायला लागतो म्हणून बरेच जण खाऊ बंदच करतात, पण त्याला आधी एवढंच शिकवा की मान आपल्या समोर सरळ ठेवली, माणसापासून दूर, तरच खाऊ मिळतो. जिभेने एक ठरलेला "टक्" आवाज करा, ज्या क्षणी मान सरळ झाली त्या क्षणी, आणि मग द्या. मैनाच्या कानाला मी याच "टक्" ने पोचले, आधी गालाला हात, टक्, मग कपाळपट्टी, टक्, मग कानाच्या मुळाशी, आणि ती दूर गेली की मी हात काढायचे. आता कान पुसून घेते.

खोगिरावर

तंग एकदम आवळू नका, आधी नुसता लागेल एवढा, मग चार पावलं चालवून एक भोक, मग चढायच्या आधी अजून एक. नोजबँड (नाकावरचा पट्टा) असेल तर नाकाच्या वरच्या हाडावर दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. चढायला पायरी किंवा कठडा वापरा, जमिनीवरून रिकिबीला लटकून चढलं की खोगीर मणक्यावरून वळतं. पायरीशी घोडा स्वतःहून येऊन उभा राहायला शिकवा, वर सांगितलेल्याच रीतीने, आणि एखाद्या दिवशी तो येऊन उभाच राहत नसेल तर ते ऐका, तंग आणि पाठ परत तपासा. काही नाही सापडलं तरी त्या दिवशी हातात धरून फिरायला न्या, बिघडत काही नाही.

वर बसल्यावर मागायचा क्रम कायम एकच ठेवा. आधी श्वास आणि बैठक, मग आवाज, मग पोटरी, आणि अगदी शेवटी काठीचा हलका स्पर्श. दर वेळी सगळ्यात हलक्यापासून सुरू करा, गेल्या वेळी काठी लागली म्हणून या वेळी काठीपासून नाही. थांबायचं असेल तर श्वास लांब सोडा, पाठ जड करा, मग लगामावर बोटं मिटा, आणि तो मंदावला की बोटं उघडा. हात मोकळा ठेवायचा तर बैठक पक्की पाहिजे, नाहीतर आपण तोल सांभाळायला लगामाला लोंबकळतो आणि तो भार सगळा घोड्याच्या जिभेवर. म्हणून लंजिंगवर, म्हणजे दुसऱ्याने लांब दोरीवर घोडा गोल फिरवत असताना, लगाम न धरता, बैठकीचे तास घ्या, वय कितीही असो. माझ्या मते घोड्यावरचं सगळ्यात मोठं प्रेम म्हणजे स्वतःची बैठक सुधारणं.

बुजला तर? प्लॅस्टिकची पिशवी, ढोल, कुत्रा, काहीही. त्याला तिकडे रेटू नका आणि तिथून पळूही देऊ नका. लांब जिथे त्याला उभं राहता येतंय तिथे थांबा, तोंड तिकडे करू द्या, बघू द्या, फुरफुरला तर फुरफुरू द्या. कान हलायला लागले, मान खाली आली की उलट दिशेला चार पावलं घेऊन जा, ते बक्षीस, मग परत जरा जवळ. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव चालतो तेव्हा आम्ही दूरच्या मैदानाच्या कडेला घोडे चरायला नेतो, आणि काही आठवड्यांत ते आवाजाकडे पाठ करून निवांत चरतात.

हे सगळं परदेशातून आलंय असं कुणी म्हटलं की मला धनगरांची घोडी आठवतात. अमेरिकेत टॉम डोरन्स, रे हंट यांच्यासारख्या गुराखी माणसांनी हा विचार पसरवला हे खरंच, पण आपल्याकडे पावसाळा संपला की मेंढ्यांच्या कळपासोबत भीमथडी तट्टं सगळा संसार पाठीवर घेऊन रस्त्याच्या कडेने जातात, वर कोंबड्या, कधी पोरगं बसलेलं, आणि शिंगरं आईच्या मागे मोकळी. ट्रक बाजूने जातो तरी तट्टू हलत नाही, कारण शिंगरू असल्यापासून ते आईच्या बाजूने हेच बघत आलंय.

घोडा आपला नसेल तर

क्लबात जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी पोचावं, साईसांना विचारून खरारा आपण करावा, राइडनंतर तंग आपण सैल करावा आणि दहा मिनिटं हातात धरून चालवावं. तेवढ्यातही घोड्याला फरक कळतो. शिकवणारे चाबूक द्यायला सांगत असतील तर भांडू नका, "सर, मी आधी हलकं मागून बघू का?" असं विचारा, बरेच जण हो म्हणतात, आणि जिथे विचारलेलंही चालत नाही तिथून दुसरीकडे जा. माथेरानला गेलात तर दस्तुरीला घोडा ठरवताना पाठीवर जखम आहे का, लंगडतोय का ते बघा, वजनदार माणसाने लहान तट्टू घेऊ नये, आणि उतारावर उतरून चालावं. घोडेवाल्या दादांना घोड्याचं नाव विचारा, त्याला दुखतंय असं वाटलं तर शांतपणे सांगा, त्यांचं सगळं घर त्या घोड्यावर चालतं आणि ओरडून कुणी ऐकत नाही.

जो घोडा मुद्दाम अंगावर येतो, मागचे पाय उडवून धरतो, पुढचे पाय उचलून उभा राहतो, त्याच्यासोबत एकट्याने हे प्रयोग करू नका, जाणकार माणूस सोबत घ्या. आणि हेल्मेट जमिनीवर काम करतानासुद्धा.

गाडीत चढवणं

शेवटी हे, कारण सगळ्यात जास्त मारहाण इथेच होते, निघायला उशीर झालेला असतो, टेम्पोवाला ओरडत असतो, चार माणसं मागून दोरी लावून घोडा आत ढकलतात. प्रवासाच्या दिवशी शिकवायला घेऊ नका. दोन आठवडे आधी गाडी मागवून नुसती उभी करा, उतार जितका कमी करता येईल तितका, चढाच्या कडेला लावली तर उत्तम, खाली वाळू किंवा भुसा म्हणजे पाय घसरत नाही आणि आवाजही होत नाही, आणि आत उजेड येऊ द्या, अंधाऱ्या भोकात घोडा शिरत नाही. शांत जुना घोडा आधी चढवा. मग आपला, दोरीतली ढील काढायची, भार पुढे सरकला की सोडायची, एक पाय फळीवर ठेवला की थांबायचं, खाजवायचं, आणि आपणच मागे उतरवायचं. त्याला उतरता येतं हे कळलं की चढायची भीती निम्मी जाते. पुढचे दोन पाय, उतरवा. चारही पाय, वैरणीचे चार घास, उतरवा. आत उभा राहून निवांत खायला लागला की मगच मागचा अडसर लावायचा, आणि डोकं बांधायचं ते त्याच्यानंतर. उतरवताना बरोब्बर उलटं, आधी डोक्याची गाठ सोडायची आणि मग अडसर काढायचा, नाहीतर तो मागे यायला निघतो, दोरी ताणली जाते, डोकं छताला आपटतं आणि दोन आठवड्यांचं काम एका क्षणात जातं.